मांडव्य ऋषींची तक्रार

अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचं तोंड पाहिलं की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असं मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. माझ्या बाबतीत तिन्ही अटी पुऱ्या झाल्या आहेत. मेळघाटही इथून लांब नाही. पण नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी अमरावतीतच राहिले आणि खुनाच्या गोष्टी लिहायला बसले.

आमच्या हरिपाठ मंडळातल्या एका काकूंना ते खटकतं. ‘देवाचं नाव घ्याच्या वयात तू मानसं काहून मारत बसतं वं?’ असं त्या चारचौघींत विचारतात. बाकीच्या हसतात, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मी लिहिते त्या प्रकाराला इंग्रजीत कोझी मिस्टरी म्हणतात. रक्तपात पडद्याआड, गाव लहान, माणसं ओळखीची आणि शोध घेणारी बहुधा एखादी म्हातारी. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली कादंबरीत आली, तेव्हापासून ही म्हातारी मेलेली नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड घराघरांत वाचले गेले, पण तो मामला धाडसाचा. विणकाम करता करता खुनी पकडण्याचा नव्हे. माझी नायिका दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली निवृत्त नर्सबाई आहे. गावातल्या निम्म्या लोकांना तिने लहानपणी सुई टोचलेली, त्यामुळे तिच्यासमोर खोटं बोलताना त्यांचा दंड अजून दुखतो. अडचण एकच, विषाची. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात दवाखान्यात औषधं देण्याचं काम केलं होतं. कोणतं विष कुठून आणायचं हे त्यांच्या कथेत कोडं असतं. वऱ्हाडात कोडं कसलं? कपाशीच्या फवारणीचं औषध घरोघरी गोठ्यात ठेवलेलं असतं.

आता खरी अडचण. ऑडेन या कवीने १९४८ मध्ये या प्रकारच्या कथांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की वाचकाच्या मनात स्वतःच्या अपराधाची बोच असते. कथेत एक गुन्हेगार सापडतो आणि बाकीचे सगळे निर्दोष ठरतात, म्हणून त्याला बरं वाटतं. बायबलातली बाग पुन्हा पहिल्यासारखी निर्मळ होते. हे ख्रिस्ती धर्म मानणाऱ्या माणसाला शोभतं. आमच्याकडे बाकीचे सुटत नाहीत. संचित, प्रारब्ध, क्रियमाण असं प्रत्येकाचं खातं उघडंच असतं आणि हिशेब आपोआप चुकता होतो. मग कर्मसिद्धांत मानणाऱ्या बाईला डिटेक्टिव्ह लागतोच कशाला? चित्रगुप्त बसलेला असताना नर्सबाईने वहीत टिपणं काढायची काय गरज?

याचं उत्तर मला पोथीत मिळालं नाही, नोकरीत मिळालं.

जळालेल्या, विष घेतलेल्या माणसाचा मृत्युपूर्व जबाब घ्यायला कार्यकारी दंडाधिकारी म्हणून आम्हाला सरकारी दवाखान्यात बोलावणं यायचं. डॉक्टर लिहून देणार की पेशंट बोलण्याच्या स्थितीत आहे. नातेवाईक बाहेर. मग प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, शेवटी अंगठा. या कागदाला कोर्टात फार वजन. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ३२ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २६. वजन का, तर मरणाच्या दारातला माणूस तोंडात खोटं घेऊन देवापुढे जाणार नाही, हा त्यामागचा जुना विश्वास. इतका धार्मिक विश्वास कायद्यात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

एका बाईने मला आधी विचारलं, ‘मॅडम, मायी पोरगी भाईर हाय काय?’ मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, ‘लिवा. स्टो भडकला.’ घरात गॅस होता. पंचनाम्यात स्टोव्ह कुठे सापडलाच नाही. पोरीला बाप उरावा एवढ्यासाठी ती देवापुढे खोटं घेऊन गेली. मी लिहून घेतलं. विचारणं आणि लिहिणं एवढंच माझं काम होतं. पण तेव्हापासून मला एक प्रश्न पडलेला आहे. त्या बाईच्या खात्यावर हे खोटं पाप म्हणून पडलं असेल, की पुण्य म्हणून? कोणी म्हणेल, देवाला कळतंच ना. कळत असेल. पण त्या पोरीला कोण सांगणार?

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. मौन धरून ते तपाला बसले होते. चोर आश्रमात लपले, राजाच्या शिपायांनी मुद्देमालासकट सगळ्यांना धरलं. ऋषी मौनातच होते, बचाव कोण करणार? सुळावर चढवलं. ते मेले नाहीत. राजाला उमगलं तेव्हा त्याने पाय धरले, पण सूळ निघेना म्हणून कापावा लागला. त्याचं टोक अंगात राहिलं आणि ते अणीमांडव्य झाले. पुढे ते थेट धर्माच्या घरी गेले आणि विचारलं, हे कशाचं फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तुम्ही एका किड्याला गवताची काडी टोचली होती. मांडव्य संतापले. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? त्यांनी धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला, तो विदुर होऊन जन्मला. आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाचं कृत्य पाप धरायचं नाही, अशी मर्यादा घालून दिली.

तो शाप शूद्राच्या पोटी जन्मण्याचा होता, हेही सांगितलं पाहिजे. जन्म हीच शिक्षा मानणारी ही विचारसरणी किती जणांच्या माथी मारली गेली, ते अमरावतीला कोणी शिकवायला नको. १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी इथे परिषद भरली होती आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. मागच्या जन्मीचं म्हणून गप्प बसा, हे उत्तर तिथे जमलेल्यांनी नाकारलं.

तरी त्या कथेतली एक गोष्ट मला पटते. आधी उत्तर मागितलं गेलं. कोर्टात आरोपीला दोषारोप वाचून दाखवावा लागतो. पुरावा झाल्यावर, तुमच्याविरुद्ध हे हे आलं आहे, तुमचं काय म्हणणं, असं विचारावं लागतं. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातलं जुनं कलम ३१३, नवं ३५१. हे न करता शिक्षा दिली तर वरचं कोर्ट खालच्याचे कान उपटतं. कर्माच्या न्यायालयात ही पायरीच नाही. शिक्षा हातात पडते, आरोपपत्र मिळत नाही. मांडव्यांची तक्रार शिक्षेच्या मापाबद्दल होती असं कथा सांगते. माझ्या मते ती शिक्षेआधी काही न सांगण्याबद्दल आहे.

‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ ही ख्रिस्तीची कादंबरी १९३४ ची. ज्यांनी वाचली नाही त्यांनी माफ करावं, शेवट सांगते आहे. डिटेक्टिव्ह पॉयरो डायनिंग कारमध्ये सगळ्यांसमोर खरं काय घडलं ते सांगतो आणि पोलिसांसाठी मात्र खोटा उलगडा ठेवला जातो. कोणालाही शिक्षा होत नाही. तरी वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. म्हणजे त्याला फाशी नको होती, उलगडा हवा होता. आमच्या शकुंतला या रेल्वेगाडीवर असली कादंबरी मी रचून पाहिली. पण मूर्तिजापूर ते अचलपूर ती गाडी इतकी सावकाश चालायची की खुनी मध्येच उतरून, चहा पिऊन परत चढला असता.

उलगड्याची ही भूक मी नोकरीतही पाहिली. शेतकरी आत्महत्यांच्या फायली मी हाताळल्या. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा, यांत बसलं तर पात्र, घरच्यांना एक लाख. नाही तर अपात्र. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांचं पॅकेज झालं, फायली वाढल्या. अकोल्याकडच्या एका गावात अपात्रतेचं पत्र द्यायला गेले तेव्हा ती विधवा म्हणाली, ‘अपात्र त अपात्र. पन मंग ते मेले काहून, ते त लिवा.’ त्या नमुन्यात तसा रकाना नव्हता. गावकऱ्यांचं उत्तर तयार होतं, नशीब. सरकार आणि गाव, दोन्हीकडून तिला कारण मिळालंच नाही.

काकूंना मी गाडगेबाबांची आठवण करून दिली. समाधी आमच्याच गावात आहे, त्यांना ती नवी नाही. बाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्न विचारणं. समोरच्या माणसाच्या तोंडून उत्तर निघेपर्यंत ते सोडत नसत. माझ्या पहिल्या कादंबरीत शेवटचं प्रकरण शेतातल्या रोडग्यांच्या पंगतीत घडतं. वांग्याची भाजी वाढून झाली की नर्सबाई उभी राहते आणि एकेकाला विचारत जाते. ते मी देवाचं नाव घेण्यापेक्षा फार वेगळं मानत नाही. काकूंना हे पटलेलं नाही, पण पुस्तक त्यांनी नेलं आणि मैत्रिणीला दिलं.

दुसरी कादंबरी लिहून झाली आहे. तिच्यात एक बाई मरते, स्टोव्ह भडकला असं सांगून. नर्सबाईला खरं कळतं. ती पोलिसांकडे जात नाही. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत थांबते आणि तिला समोर बसवून सगळं सांगते. बाप मोकळाच राहतो. प्रकाशकांचं म्हणणं, गुन्हेगार सुटलेला वाचकांना चालणार नाही. मला वाटतं चालेल. शेवट मी बदललेला नाही.