सोयाबीनची फॅट कोण मोजणार?

पहाटे गावातल्या दूध संस्थेत कॅन उतरला की पहिला प्रश्न ठरलेला: फॅट किती लागली? तिच्यावर लिटरचा दर. कारखान्याकडे वळलं तर उसाचा उतारा. एफआरपीचं गणितच उताऱ्यावर बसवलेलं. मालाच्या पोटात काय आहे ते मोजून पैसे मागायची सवय कोल्हापूरला जुनी आहे. पण दसरा झाला, हातकणंगले-शिरोळकडचं सोयाबीन ट्रॉलीतून व्यापाऱ्याच्या दारात गेलं, की तिथे मोजतात काय? ओलावा, माती, डागी दाणे. २०२४ साली हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांऐवजी १५ टक्के ओलावा चालवून घेतला, तर ती मोठी बातमी झाली. दाण्यातल्या तेलाबद्दल चकार शब्द नाही.

आता याचा माशांशी काय संबंध, असं विचाराल. संबंध आहे, आणि तो पन्नास वर्षं जुना आहे. १९७२-७३ मध्ये एल निनोने पेरूच्या किनाऱ्यावरची अँचोव्ही मासळी बसली. त्या मासळीची भुकटी जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जात असे. ती आटल्यावर सगळे सोयाबीनच्या पेंडीवर तुटून पडले, भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात रोखली. जपानची झोप उडाली. समुद्रात मासा कमी झाला की शेतातल्या दाण्याचा भाव हलतो, हे तेव्हा दिसलं. २०२३ मध्ये पेरूला पुन्हा अँचोव्हीचा पहिला हंगाम रद्द करावा लागला.

दरम्यान मासा स्वतःच शेतीचा माल झाला होता. नॉर्वेतल्या पिंजऱ्यातल्या सामन माशाच्या खाद्यात १९९० च्या सुमारास नव्वद टक्के माल समुद्रातला असे. आता तो पाव हिश्शाच्या आसपास आहे. बाकी सोयाबीनची प्रथिनं, मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचं तेल वगैरे. मासा वाढला, पण बदलला. २००६ ते २०१५ या काळात स्कॉटलंडच्या सामनमधली ईपीए-डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं निम्म्यावर आली. त्यात नवल नाही. ही मेदाम्लं मुळात समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ बनवतं. मोठ्या माशात ती खाण्यातूनच साठत जातात. खाण्यातून काढली की अंगातूनही जातात.

सोयाबीनच्या दाण्यात तेल १८ ते २० टक्के. त्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६. लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३, जेमतेम सात-आठ टक्के. (नावं अशी जुळी ठेवणाऱ्याला एकदा भेटायचं आहे.) गंमत पुढे आहे. हे लिनोलेनिकच तेलाला खवटपणा आणतं, म्हणून पैदासकार अनेक वर्षं ते कमी करायच्या मागे आहेत. चकलीच्या कढईला ते बरंच. पण माशाला ओमेगा-३ चा आधार हवा असेल तर नेमकं तेच हवं. म्हणजे कढईचं सोयाबीन वेगळं आणि तळ्याचं वेगळं. एकाच वाणाने दोन्ही घरं सांभाळावीत ही अपेक्षाच चुकीची.

अमेरिकेत मोन्सँटोने आडवाट काढली. एका प्रिमरोज फुलाचं आणि पावावर येणाऱ्या नारिंगी बुरशीचं अशी दोन जनुकं सोयाबीनमध्ये घालून त्यांनी स्टिअरिडोनिक आम्लाचं तेल बनवलं. लिनोलेनिकपासून ईपीएकडे जाताना शरीर पहिल्याच पायरीवर अडखळतं; हे आम्ल त्या पायरीच्या वर सुरू होतं. २०१२ मध्ये त्या वाणाच्या लागवडीला तिथे मोकळीक मिळाली. आपल्याकडे जनुक बदललेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, पण २०२१ मध्ये कोंबड्यांसाठी तसल्याच सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला सरकारने परवानगी दिली. या विसंगतीवर आपण पुरेसं भांडलो नाही, असं मला वाटतं.

पण कोल्हापूरने सामनची चिंता वाहायचं कारण नाही. आपले मासे रोहू, कटला आणि चिलापी. चिलापीला वाढीसाठी मुख्यतः ओमेगा-६ च लागतं, रोहू-कटल्याला दोन्ही थोडंथोडं. आणि गोड्या पाण्यातले हे मासे लिनोलेनिकपासून पुढची मेदाम्लं काही प्रमाणात स्वतः तयार करतात. शेणखत टाकलेल्या तळ्यात तर शेवाळ आणि प्लवंगच त्यांचं अर्धं जेवण. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा यावर चाललेल्या शेततळ्याला तेलाच्या सुधारित वाणाची फारशी गरज नाही, हे कबूल करावं. गरज पडते ती धरणातल्या पिंजऱ्यात. तिथे माशाला गोळीखाद्याशिवाय जवळपास काही मिळत नाही, म्हणून गोळीतलं तेल हेच त्याच्या अंगातलं तेल.

अशा गोळीसाठी लागणारा माल आपल्याच संस्थांतून येऊ शकतो. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन रोधक पचन अडवतो, म्हणून दाणा भाजावा लागतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने त्यातला मुख्य रोधक नसलेलं एनआरसी १२७ दिलं. त्यांनीच जास्त ओलेइकचं एनआरसी १४७ दिलं, ज्याचं तेल लवकर खवटत नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेची एमएसीएस वाणं आहेतच. आणि शेजारच्या सांगलीतल्या कसबे डिग्रजच्या केंद्राचं फुले संगम तर आपल्या बांधावर पोचलेलंच आहे. मात्र ते पोचलं क्विंटलच्या जोरावर. तेलाच्या जातीसाठी वाण निवडणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. वेगळ्या तेलाचा दाणा वेगळ्या पोत्यात, वेगळ्या ट्रॉलीत, वेगळ्या गोदामात ठेवायचा आणि शेवटी शेजाऱ्याच्या ढिगाइतकाच दर घ्यायचा, हा धंदा कोण करेल? म्हशीच्या दुधाला गाईचा दर लावला तर संस्थेच्या दारात काय होईल ते सांगायला नको.

पैदासकाराने दहा वर्षं घालून मेदाम्लं बदलावीत आणि बाजाराने ती न बघताच एका ढिगात ओतावीत, हा आपला खरा अडथळा आहे. दाणा न फोडता मिनिटभरात तेल आणि प्रथिनं सांगणारी इन्फ्रारेड यंत्रं जगभर वापरात आहेत. मेदाम्लांची नेमकी फोड करायला प्रयोगशाळा लागते, पण सुरुवात तेलाच्या टक्क्यापासून करायला कुणी अडवलेलं नाही. बाजार समितीच्या पुढच्या निवडणुकीत जो मत मागायला दारात येईल, त्याला चहा पाजा आणि एवढंच विचारा: सोयाबीनला फॅट कधी लावणार?