‘पानी’ कोण म्हणतं, त्यावर

न्यू जर्सीत वाढणारी नात व्हिडिओ कॉलवर “आजी, पानी” म्हणते, केळ्याला ‘केलं’ म्हणते, आणि सगळं घर कौतुकानं विरघळतं. तो व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर फिरतो. त्याच घरात अलिबागकडची सून ‘पानी’ म्हणाली की नणंद तोंड फिरवून हसते, आणि सुनेचा शाळकरी मुलगा चारचौघांत आईला सुनावतो, “अगं, पाणी! ण!” उच्चार अगदी तोच. नातीच्या तोंडी तो गोड आणि सुनेच्या तोंडी गावंढळ कसा ठरतो, याचं उत्तर भाषाशास्त्रात शोधून सापडणार नाही. बोलणारी व्यक्ती कोण, कुठली, कोणाची, हे पाहून आपण तिचा उच्चार चांगला की वाईट ते ठरवतो.

मराठी घरांत उच्चारांवरून हसणं पूर्वापार चालत आलंय. माहेर मालवणचं आणि सासर अमरावतीचं असलं की ‘खंय’ आणि ‘कुठी’ एकाच पंगतीला बसतात, ‘करून राहिलो’वरून थट्टा होते, जेवणं रंगतात. दोन्ही बाजूंना चिडवायची आणि चिडवून घ्यायची मुभा असेल तर यात काही वावगं नाही, उलट नवी माणसं त्यातूनच एकमेकांची होतात. माझी तक्रार आहे ती एकाच दिशेनं वाहणाऱ्या हसण्याबद्दल: शहरातून खेड्याकडे, शिकलेल्याकडून न शिकलेल्याकडे, आणि हल्ली नातवंडांकडून आजीकडे.

वऱ्हाडातल्या आजीचंच बोलणं जवळून ऐकावं. ती डोळ्याला ‘डोया’ म्हणते, काळ्याला ‘काया’, पोळीला ‘पोयी’, फळाला ‘फय’. ऐकणारा म्हणतो, हिला ळ येत नाही, जीभ जड आहे. पण तिच्या तोंडचा ‘काल’ कधी ‘काय’ होत नाही आणि ‘लाल’चा ‘लाय’ होत नाही. जिथं ळ तिथंच य. शाळेची पायरी न चढलेली ही बाई ल आणि ळ यांच्यातला भेद शब्दागणिक पाळते, फक्त ळच्या जागी दुसरा आवाज वापरते. खानदेशातही हेच ऐकू येतं. रायगडकडच्या आगरी बोलीत ळचा ल होतो आणि ड पुष्कळदा र होतो, गाडीची ‘गारी’ होते. यातलं काहीही ढिसाळ नाही. प्रत्येक बोलीची स्वतःची शिस्त आहे आणि पोरं ती ऐकून ऐकून बिनचूक उचलतात.

आता शुद्ध बोलणाऱ्यांकडे पाहू. आपण ‘भाषा’ लिहितो आणि ‘भाशा’ म्हणतो. श आणि ष यांतला फरक पुण्यामुंबईच्या सुशिक्षित जिभेवरून केव्हाच गेलाय. ‘ऋषी’चा आपण ‘रुषी’ करतो, ‘ज्ञान’चा ‘द्न्यान’. सुनेनं ण सोडला, आपण ष सोडला. तिचा सोडलेला ण लगेच कानाला खटकतो, कारण तो आपल्याकडे शिल्लक आहे. आपला सोडलेला ष लेखनात शाबूत असल्यानं झाकून जातो, आणि हसायला कोणी उरत नाही, कारण हसणारे आपणच.

कोकणातल्या आजीचं तर आणखी वेगळं. ती नाकात बोलते म्हणून नकला होतात. तिचे ते अनुनासिक उच्चार जुन्या मराठीचे आहेत. देशावरच्या शिकलेल्या बोलण्यातून ते गेले, म्हणून 1962च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात न उरलेले अनुस्वार लिहिण्यातूनही काढून टाकले. शिकलेल्यांची जीभ बदलली तेव्हा नियम तिच्यामागे गेला. तो गेला हे योग्यच झालं, असं मला वाटतं. मात्र जिनं तो जुना उच्चार सांभाळला तिलाच आपण अशुद्ध म्हणावं, हे पटण्यासारखं नाही.

यावर रास्त आक्षेप आहे. मुलाखतीत, व्यासपीठावर, बातम्या देताना प्रमाण उच्चार लागतो, मग तो मुलांना शिकवायचा नाही का? जरूर शिकवावा, आणि नीट शिकवावा. मूल शाळेत ‘पाणी’ आणि चुलीपाशी ‘पानी’ सहज म्हणतं, त्याला त्याचा काडीचाही त्रास होत नाही. त्रास होतो तो हसण्यानं. हसं झालेला माणूस बोलताना प्रत्येक न तपासू लागतो, मग भीतीपोटी ‘विमान’चं ‘विमाण’ करतो आणि पुन्हा हशाला पात्र होतो. काही बायका तर सासरच्या बैठकीत बोलणंच टाकतात. घरातलं माणूस गप्प झालं तर त्या शुद्धतेनं कोणाचं भलं झालं? मुलांना प्रमाण भाषा शिकवण्यासाठी त्यांच्या आईला ओशाळं करावं लागत असेल, तर दोष शिकवण्याच्या पद्धतीत आहे.

बहिणाबाई चौधरी लिहायला शिकल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर त्या जे रचत ते मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं उतरवून ठेवलं. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहिणारे. आईचं ‘वढाय’ खोडून ‘ओढाळ’ करणं त्यांच्या एका फटकाऱ्याचं काम होतं. त्यांनी ते केलं नाही. बहिणाबाई 1951 साली गेल्या, आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं ती गाणी खानदेशी उच्चारांसकट छापली गेली. आज ती पाठ्यपुस्तकांत आहेत, आणि वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलीला उभं करून ण घोटवून घेणाऱ्या बाई पुढच्याच तासाला ती मोठ्या प्रेमानं शिकवतात.