ओंजळीतलं पदक

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दर गुरुवारी ज्ञानेश्वरी वाचतात. दुसऱ्या अध्यायात कर्मफळाचा विषय आला तशा एक काकू माझ्याकडे वळल्या. ‘‘तुम्ही पोलिसातले ना? मग तुमच्यात पदकं कशाला देतात? तेही फळच की!’’

मी शिपाई म्हणून लागलो, हवालदार होऊन निवृत्त झालो. पोथीतलं मला फार कळत नाही. पण हा प्रश्न घरी आला, जेवायला बसला, रात्री उशाशीही होता.

२६ नोव्हेंबर २००८ ला, मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला त्या रात्री, मी अंधेरीला ड्यूटीवर होतो. पार्ल्याला हायवेवर टॅक्सी उडाली, त्या धावपळीत रात्र गेली. गिरगाव चौपाटीचं नंतर समजलं. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे, साताऱ्याकडच्या केडंब्याचे, आधी लष्करात होते. हातात फक्त काठी. त्यांनी अतिरेकी कसाबच्या बंदुकीची नळी धरली ती सोडलीच नाही. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या, म्हणून बाकीच्यांना तो जिवंत सापडला. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना अशोकचक्र जाहीर झालं. सोन्याचा मुलामा, मधोमध चक्र, भोवती कमळं, हिरव्या फितीवर केशरी रेघ. नळी धरताना यातलं काय त्यांच्या मनात आलं असेल? फळाची इच्छा धरायलासुद्धा घटकाभर सवड लागते हो, काकू.

मग पदक कुणासाठी? मी पितृपक्षात वडिलांना पाणी सोडतो. ते त्यांना पोचतं का, हे मी गुरुजींना कधी विचारलं नाही. ओंजळ माझी असते, देणंही माझं. गेलेल्याच्या नावाचं पदक मला तसंच वाटतं. घेणारा नसतोच. सरकारच्या हातून आपण सगळे पाणी सोडतो.

इथवर माझं मलाच पटलं होतं. पण ऑगस्ट २०१६ मधले वाहतूक शाखेचे विलास शिंदे आठवले. खारला हेल्मेट नसलेल्या पोराला अडवलं, म्हणून डोक्यात घाव बसला. काही दिवस झुंजले, ३१ तारखेला गेले. समोर बंदूक नव्हती, अतिरेकी नव्हता. रोजचीच ड्यूटी, रोजचाच रस्ता. तिथं शौर्य कोणत्या क्षणी मोजायचं? वर्षानुवर्षं उन्हात उभं राहणं हेच ते, असं मी म्हणेन. माझं हे म्हणणं पदकाच्या कागदात कसं बसवायचं, ते मात्र मला सांगता येणार नाही.

आणि जे वाचतात त्यांचं काय? त्याच २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ मारले गेलेल्या करकरे, कामटे, साळसकर साहेबांच्या गाडीत मागे शिपाई अरुण जाधव होते. गोळ्या लागल्या, तरी जगले. वायरलेसवर खबर त्यांनीच दिली. जिवंत माणसाला तर्पण करत नाहीत. त्याच्यासाठी आपल्याकडे कुठला विधी आहे, मी बराच शोधला. जखमी शिपायाला आपण ‘सुदैवानं वाचलास’ म्हणतो, आणि महिन्याभरानं नाइटला लावतो.

मीही वाचलेल्यांतलाच. जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरीच्या दंगलीच्या बंदोबस्तात माझ्या डाव्या कानामागे दगड बसला. टाके पडले, कान गेला. बायको म्हणते, बरं झालं, तक्रारी अर्ध्याच ऐकू येतात.

काकूंना मी अजून उत्तर दिलेलं नाही. गुरुवारी उजवा कान पोथीकडे येईल अशी जागा धरून बसतो. ती जागा आता कुणी घेत नाही.