‘सॉरी’ म्हटले की झाले?



मागे एका आजारी आजींना घरी कम्युनियन घेऊन येतो असे मी सांगितले आणि विसरून गेलो. रविवारी मिस्सानंतर त्यांचा मुलगा भेटला. मी घाईत ‘सॉरी हं’ म्हणालो. तो ‘चालेल, फादर’ म्हणून निघून गेला. आजी मात्र त्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी राहून माझी वाट पाहत होत्या, हे मला नंतर कळले.

त्या रात्री मी या शब्दाचा विचार केला. आमगावच्या बाजारात धक्का लागला तरी आपण ‘सॉरी’ म्हणतो. इंग्रजीत नीट ऐकू आले नाही तरी ‘सॉरी?’ विचारतात. मयताच्या घरीही ‘सॉरी’ म्हणतात. तिथे बोलणाऱ्याचा काहीच दोष नसतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे नाते दुखण्याशी, जखमेशी आहे. म्हणजे मनाला लागले, एवढेच तो सांगतो; चूक कोणाची, ते सांगत नाही. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत हा भेद दाखवला. ‘मी माफी मागतो’ असे म्हणणे ही एक कृतीच असते. ‘आय अ‍ॅम सॉरी’ मध्ये निम्मे आपल्या मनःस्थितीचे वर्णन असते.

‘माझे चुकले’ म्हणताना अशी पळवाट राहत नाही. म्हणूनच ते शब्द जिभेवर जड होतात आणि आपण ‘सॉरी’चा आडोसा घेतो. दोष इंग्रजीचा नाही. मनापासून म्हटलेले ‘सॉरी’ देवाला कळते आणि सवयीने म्हटलेले ‘माझे चुकले’ पोकळ ठरते.

मग खरी क्षमायाचना कोणती? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई या तीन गोष्टी सांगितल्या. जक्कयाने नुसते वाईट वाटून घेतले नाही. लुबाडलेले चौपट परत देण्याचा शब्द दिला (लूक १९:८). आपले ‘सॉरी’ बहुधा पहिल्याच पायरीवर थांबते.

दुसऱ्या दिवशी मी आजींच्या घरी गेलो. “आजी, माझे चुकले,” म्हणालो. त्या म्हणाल्या, “आलात ना फादर, बसा.” मला क्षमा मिळाली, पण त्यासाठी त्यांच्या दारापर्यंत जावे लागले.

या आठवड्यात आपणही एका दारापर्यंत जाऊ या. कदाचित ते आपल्याच घरातले असेल.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू