ज्याच्या हाती बटण

पावसाळ्याच्या तोंडावर दिवेलागणीला खिडक्या उघड्या असतात. ट्यूबलाइटभोवती किडे जमतात आणि त्यांच्या मागावर एखादं वटवाघूळ घरात शिरतं. पुढची पाच मिनिटं बहुतेक घरांत सारखीच जातात. कुणी किंचाळतं, कुणी पदर डोक्यावर ओढून घेतं, कुणी केरसुणी घेऊन धावतं, मुलं स्वयंपाकघरात पळतात. या सगळ्या गोंधळात छताचा पंखा मात्र तसाच गरगरत राहतो. खरी घातक वस्तू तीच असते, आणि तिचा धोका फक्त वटवाघळाला असतो.

भीती वाटणं स्वाभाविक आहे. काळं काहीतरी झपकन डोक्यावरून गेलं की अंगावर काटा येतोच. पण त्या खोलीत घाबरलेले जीव दोन असतात. एकाचं वजन साठ-सत्तर किलो. दुसऱ्याचं, पाकोळी म्हणजे किडे खाणारं छोटं वटवाघूळ असेल तर, चार-पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेइतकं. एकाच्या हाती दिव्या-पंख्याची बटणं आणि दारा-खिडक्यांच्या कड्या असतात. दुसऱ्याला आपण कुठे येऊन पडलो हेच उमगलेलं नसतं. दोघंही घाबरलेली असली तरी दोन्ही भीती सारख्या नाहीत. दुबळा घाबरला की पळतो. बलवान घाबरला की मारतो, आणि मारतानाही त्याला वाटत असतं की संकट आपल्यावरच आलं आहे. म्हणून आधी शांत होण्याची जबाबदारी ज्याच्या हाती बटण आहे त्याची.

कोकणात मावशीच्या घरी हे फार सहज घडताना पाहिलं आहे. माजघरात पाकोळी शिरली आणि आम्ही सगळे एकदम बोलू लागलो. मावशी म्हणाली, "आधी पंखा बंद कर, मग बोल." पंखा थांबला. तिने आतल्या खोल्यांची दारं ओढून घेतली, माजघरातला दिवा मालवला, पडवीकडचं दार सताड उघडलं आणि मुलांना ओटीवर नेऊन बसवलं. पाकोळी दोन-चार घिरट्या घालून खुंटीवरच्या पंच्याला लटकली. बॅटरीच्या कडेच्या उजेडात ती जवळून दिसली. अंगठ्याएवढं तपकिरी अंग, दर श्वासाला सगळंच्या सगळं हलणारं. मिटलेल्या पंखांच्या पातळ कातडीखाली बोटांची लांबच लांब हाडं. पंख म्हणजे तिचा हातच होता. कान इकडेतिकडे वळत होते आणि इवलंसं तोंड सारखं उघडत-मिटत होतं, पण आवाज काही येत नव्हता.

खरं तर ती ओरडत होती, फक्त आपल्या कानांना ते ऐकू येत नव्हतं. माणसाचा कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो. या पाकोळ्यांचा आवाज त्याच्या जवळपास दुप्पट उंचीचा असतो. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून तिला भिंत, फांदी, उडता किडा कळतो. ही गोष्ट माणसाला कळायला फार वेळ लागला. इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७९३ मध्ये पाहिलं, की मिट्ट काळोखात घुबड धडपडतं, वटवाघूळ मात्र बिनधास्त उडतं. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या लुई ज्युरिन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती अडथळ्यांवर आदळू लागली. असं का होतं याचं उत्तर १९३८ च्या सुमारास हार्वर्डमध्ये मिळालं. डोनाल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्याने वटवाघळं अतिउच्च ध्वनी टिपणाऱ्या यंत्रासमोर नेली, तेव्हा तो न ऐकू येणारा आवाज पहिल्यांदा नोंदला गेला. वटवाघळं आंधळी असतात हा मात्र गैरसमज आहे. त्यांना डोळे असतात आणि दिसतंही. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची नजर तर चांगलीच असते.

मग इतकं अचूक ऐकणाऱ्या जिवाला समोरची खिडकी का सापडत नाही? जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याचं एक कारण दाखवून दिलं. गुळगुळीत उभा पृष्ठभाग तिरक्या येणाऱ्या आवाजाला भलत्याच दिशेला परतवतो. प्रतिध्वनी परत येत नाही, म्हणून वटवाघळाला तिथे मोकळी जागा आहे असं वाटतं आणि ते त्यावर आदळतं. आपल्या फ्लॅटमधल्या सरकत्या खिडक्यांच्या काचा नेमक्या अशाच. आपण म्हणतो, खिडकी उघडी असूनही ते मूर्खासारखं काचेवर धडकतंय. त्याच्या कानांना मात्र ती काच हीच मोकळी वाट वाटत असते. त्यात आपण आरडाओरडा केला, टॉवेल फिरवले, की त्याची उरलीसुरली वाटही हरवते.

तेव्हा करायचं ते सोपं आहे. पंखा बंद करावा. आतली दारं लावून घ्यावीत. बाहेरचं एखादं दार, शक्यतो बाल्कनीचं, पूर्ण उघडावं. डासांची जाळी असेल तर तीही सरकवावी. खोलीतला दिवा घालवावा आणि माणसांनी भिंतीकडेने बाहेर पडावं. वटवाघूळ वळताना भिंतीजवळ वर चढतं आणि खोलीच्या मध्यावर खाली येतं. ते अंगावर झेप घेतंय असं वाटतं ते यामुळेच. केसांत अडकण्याचा त्याचा काही बेत नसतो. थोडा वेळ शांतता मिळाली की बहुतेक वेळा ते आपलं आपण निघून जातं. पडद्याला लटकून राहिलंच, तर जाड हातमोजे घालून त्यावर अलगद डबा ठेवावा, मागून पुठ्ठा सरकवावा आणि बाहेर झाडाच्या खोडाशी किंवा खरबरीत भिंतीवर उंचावर सोडावं. जमिनीवर ठेवू नये, कारण बहुतेक वटवाघळांना सपाट जमिनीवरून उडणं अवघड जातं. उंचावरून खाली झेपावतच ती पंख पसरतात. माळ्यावर किंवा कौलांखाली त्यांची वस्ती असेल, तर आत उडता न येणारी पिल्लं नाहीत ना हे आधी पाहावं आणि मगच, ती रात्री बाहेर पडल्यावर, फट बुजवावी. नाहीतर पिल्लं आत आणि आया बाहेर अशी ताटातूट होते.

शांत राहायचं याचा अर्थ बेफिकीर राहायचं असा नाही. उघड्या हाताने वटवाघळाला कधीही धरू नये. त्याचे दात इतके बारीक असतात की चावा चटकन लक्षातही येत नाही. चावलं, ओरखडलं, किंवा झोपलेल्या मुलाच्या खोलीत ते सापडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच डॉक्टर गाठावा. रेबीजच्या बाबतीत जोखीम पत्करायची नसते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांना महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, हेही खरं आहे. म्हणून पाखरांनी, वटवाघळांनी उष्टावलेलं फळ खाऊ नये आणि त्यांच्या गुहांत उगाच शिरू नये. ही काळजी झाली. ती नेमकी असते, कुठे थांबायचं हे तिला ठाऊक असतं.

भीतीला थांबणं ठाऊक नसतं. २०२० मध्ये करोना आला, संशय वटवाघळांवर गेला आणि ज्या झाडांवर वटवाघळं पिढ्यान्‌पिढ्या लटकत होती, ती झाडं तोडा अशा मागण्या देशात ठिकठिकाणी झाल्या. मात्र ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणूवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की रान तुटून उपाशी पडलेली वटवाघळं माणसाच्या वस्तीजवळ येतात आणि त्यांच्याकडून विषाणू पसरण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या धोक्याच्या भीतीपोटी कुऱ्हाड उचलायची, ती कुऱ्हाडच तो धोका दाराशी आणते.

अपशकुनाचंही तसंच आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत वटवाघूळ शिरलं की लक्ष्मी गेली असं मानतात. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यातल्या सरसई गावात त्याच वटवाघळांना लोक लक्ष्मीचं रूप मानतात आणि गावातल्या पिंपळांवरची त्यांची वस्ती जपतात. वटवाघूळ दोन्हीकडे सारखंच उलटं लटकतं. शुभ-अशुभाची भर माणूस घालतो.

त्या पाहुण्याचं खरं तर आपणच देणं लागतो. घराभोवती फिरणारी पाकोळी रात्रभर डास, पतंग, पिकांवरचे किडे टिपत असते. सावरीच्या आणि गोरखचिंचेच्या फुलांचे पराग रात्री फळखाऊ वटवाघळं नेतात. खाडीच्या कडेला चिखलात उभी असणारी चिप्पी ही खारफुटी रात्री फुलते ती त्यांच्यासाठीही. वड-पिंपळ-उंबराच्या बिया ती गावोगाव पेरत जातात. एवढं असूनही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळखाऊ वटवाघळांना, एखादी जात वगळता, उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात टाकलं होतं. त्यांना कुणीही मारावं, गुन्हा नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच काढून टाकलं. पन्नास वर्षांनी का होईना, कायद्याच्या हातून केरसुणी खाली ठेवली गेली.

हे सगळं वटवाघळापुरतं असतं तर इतकं लिहायची गरज नव्हती. माणसांची गोष्ट या ओळींच्या शेजारी ठेवताना हात अडखळतो, पण ती ठेवल्याशिवाय राहवत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्या जमावाला विचारलं असतं, तर प्रत्येकाने हेच सांगितलं असतं की आम्ही घाबरलो होतो, आमच्या मुलांसाठी घाबरलो होतो. ती भीती कदाचित खोटी नसेलही. पण दार त्यांच्या हाती होतं, कडी त्यांच्या हाती होती, फोन करायला पोलीस होते. ते पाच जण मात्र पूर्ण त्यांच्या हाती होते.

आपण स्वतःला दुबळे समजून घाबरतो, त्याच वेळी समोरच्याच्या दृष्टीने आपणच सर्वांत बलवान असतो. हे ओळखता येणं म्हणजे निम्मी माणुसकी. घरात नवी आलेली सून असो, वर्गात उशिरा दाखल झालेलं परभाषक मूल असो, परगावाहून कामाला आलेला मजूर असो, आपल्या मुलखात वाट चुकलेला कुणीही असो, त्याच्याबद्दल आपल्याला वाटणारी शंका खरी असू शकते. तिची शहानिशा जरूर करावी, काळजीही घ्यावी. पण आपल्या हातात काय काय आहे, याची मोजदाद त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी करावी.

असं वागणं ऐन वेळी सुचत नाही, ते आधीपासून अंगवळणी पडावं लागतं. त्याची शिकवण घरातल्या घरात, अगदी अशा छोट्या प्रसंगांतूनच मिळते. मोठी माणसं घाबरल्यावर काय करतात, हे मुलं डोळे मोठे करून पाहत असतात. घाबरलेल्याला मारणारा हात त्यांनी पाहिला, तर तो त्यांचा होतो. घाबरलेल्याला वाट करून देणारा हात पाहिला, तर तोही त्यांचाच होतो. आपल्या पुढच्या पिढीच्या हाती याहून मोठी बटणं येणार आहेत, आणि ती कशी दाबायची हे ती आपल्याकडे पाहूनच शिकणार आहे.