पुढच्या चाकांची काजळी

रविवारी सकाळी देवासच्या कुठल्याही वसाहतीत दोन-चार गाड्या धुवायला काढलेल्या दिसतात. टप, दारं, काचा भराभर उरकतात. हात अडतो तो अलॉय चाकांपाशी. त्यातही नीट पाहिलं तर पुढची दोन काळीकुट्ट असतात आणि मागची त्यामानाने बरी. नुसती रस्त्याची धूळ असती, तर चारही चाकांवर सारखीच बसली असती. ही ब्रेकची काजळी. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकांवर येतं. ब्रेक पॅड आणि बिडाची डिस्क घासून झिजतात, ती झीज तिथेच चिकटते. बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची भुकटी बरीचशी आतच राहते.

काजळी ताजी असेपर्यंत गाडीचा साधा शांपू आणि मऊ ब्रश पुरतो. बरेच दिवस तशीच राहिली, वर पाणी पडलं, की तिच्यातले लोखंडाचे कण गंजतात आणि चाकावर तांबूस ठिपके धरतात. मग माणूस वैतागून तारेची घासणी उचलतो, नाहीतर संडास धुवायचं ॲसिड. डाग जातो खरा, पण चकाकीही त्याच्याबरोबर जाते. त्यापेक्षा गाडी सावलीत घ्यावी आणि चाक पूर्ण गार होऊ द्यावं. खास या कामासाठी लोखंड सोडवणारं द्रावण मिळतं. ते फवारलं की काजळी जांभळी होऊन ओघळू लागते. बघायला मजा येते, पण ते चाकावर वाळू देऊ नये. आणि चाकांचं फडकं वेगळंच ठेवावं. बॉनेटवर फिरवलं तर ओरखडे पडतात.

ब्रेकच्या वाट्याला कौतुक तसं कमीच. धार जिल्ह्यात, पिथमपूरला, गाड्यांच्या चाचणीचं नॅट्रॅक्स हे केंद्र आहे. २०२१ साली तिथला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा मार्ग सुरू झाला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं! त्याच आवारात ब्रेक तपासायला वेगळा मार्ग आहे. त्याचं नाव कुणी काढत नाही. घरात आणि ऑफिसातही असंच चालतं. पहाटे निघा, रात्री घाट उतरू नका, असं आजी चार वेळा सांगते. पावती नाही तर पैसे नाहीत, असं हिशेबाच्या टेबलावरचे काका बजावतात. बायको म्हणते, हा हप्ता आपल्याला झेपणार नाही. यांच्यामुळे आपण वेळेवर थांबतो, आणि नाराजीही त्यांच्यावरच उडते. नुसती 'हो, चला' म्हणणारी माणसं मात्र कशी लख्ख दिसतात.

आज यांपैकी कुणी हटकलं, तर लगेच उलट बोलू नये. चाकासारखं आपणही थोडं गार व्हावं, मग हवं ते बोलावं. आणि त्यांचं म्हणणं बरोबर निघालं, तर तेही त्याच दिवशी सांगून टाकावं. त्याला मोठा समारंभ लागत नाही. फोनवर दोन वाक्यं पुरतात: "आजी, पहाटे निघालो ते बरं झालं. घाट उजेडात उतरलो."