ओर्विएतो : दैवताचा ठावठिकाणा

मध्य इटलीतल्या उम्ब्रिया प्रांतात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या पिवळट-तपकिरी खडकाचा एक सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्याचे कडे चहूबाजूंनी ताशीव तुटलेले आहेत. त्याच्या माथ्यावर ओर्विएतो वसले आहे. या नावाचा मूळ लॅटिन अर्थ ‘जुने शहर’. बहुसंख्य संशोधकांच्या मते हेच एट्रुस्कन लोकांचे वेल्झ्ना, म्हणजे रोमनांचे वोल्सिनी. दैवत एखाद्या वस्तूत किंवा जागेत खरोखर राहते का, आणि राहत असेल तर ते तिथून हलवता येते का, हा प्रश्न या डोंगरावर दोनदा उभा राहिला.

एट्रुस्कनांना देव आणि जागा वेगळे काढता येत नसत. वोल्सिनीत नॉर्तिया देवीच्या मंदिरात वर्षे मोजण्यासाठी खिळे ठोकलेले असत, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. काळ पुढे सरकल्याची साक्ष म्हणजे देवळाच्या भिंतीतला एक खिळा! कड्याच्या पायथ्याशी इ.स.पूर्व सहाव्या शतकातल्या दगडी थडग्यांची ओळीने घरांसारखी रचना आहे, आणि दारांच्या वरच्या पट्टीवर घराण्यांची नावे कोरलेली आहेत. एट्रुस्कन नगरांचे प्रतिनिधी जिथे जमत, ते वोल्तुम्ना देवाचे सामाईक तीर्थक्षेत्रही पायथ्याच्याच काम्पो देल्ला फिएरा इथे असावे, असे या शतकातल्या उत्खननांवरून मानले जाते.

इ.स.पूर्व 265 मध्ये शहरातल्या सरदार घराण्यांनी, सत्ता बळकावून बसलेल्या आपल्याच माजी गुलामांविरुद्ध रोमची मदत मागितली. मदत आली, आणि पुढच्या वर्षी तिनेच शहर जमीनदोस्त केले. कॉन्सल मार्कुस फुल्व्हियुस फ्लाकुसने विजय साजरा केला. उरलेल्या लोकांना बोल्सेना सरोवराकाठी नव्या शहरात वसवण्यात आले. दोन हजार कांस्यमूर्तींच्या लोभानेच रोमने हे शहर घेतले, हा एका ग्रीक लेखकाचा आरोप रोमन लेखक प्लिनीने नोंदवला आहे. तो लेखक रोमद्वेष्टा म्हणूनच प्रसिद्ध होता, हेही प्लिनी आवर्जून सांगतो.

मूर्ती लुटणे समजण्यासारखे आहे. पण वोल्सिनीचा देव वेर्तुम्नुस (बहुधा तोच वोल्तुम्ना) रोममध्ये गेला आणि आवेन्तिन टेकडीवर त्याचे मंदिर उभे राहिले, ते बहुधा लूट म्हणून नव्हे. रोमनांचा एक विधी होता: वेढा घातलेल्या शहराच्या दैवताला बाहेर बोलवायचे, रोममध्ये याहून मोठी पूजा मिळेल असे वचन द्यायचे आणि मग हल्ला करायचा. इ.स.पूर्व 396 मध्ये वेइ या शहराच्या जूनो देवीला असे आणल्याची कथा लिव्हीने दिली आहे: ‘रोमला येतेस का?’ असे विचारल्यावर मूर्तीने म्हणे मान डोलावली. वेर्तुम्नुसच्या बाबतीतही असेच घडले असावे, असा तर्क केला जातो. विधीचे गृहीतक विचित्र पण सुसंगत आहे. देव जागेत राहतो, पण जागेला बांधलेला नाही. त्याला स्वतःची इच्छा आहे. जिंकणाऱ्याच्या फार सोयीचा असा हा सिद्धान्त.

तेराव्या शतकात ओर्विएतो पोपचे निवासस्थान बनले आणि तोच प्रश्न वेगळ्या रूपात परतला. 1215 च्या लॅटरन परिषदेने मिस्सा या ख्रिस्ती उपासनाविधीतल्या भाकरीचे सत्त्व बदलून ख्रिस्ताचे शरीर होते, ही शिकवण मान्य केली होती. परंपरा सांगते की 1263 मध्ये बोल्सेनात, म्हणजे त्याच ‘नव्या’ शहरात, याविषयी साशंक असलेल्या एका बोहेमियन धर्मगुरूच्या हातातल्या भाकरीतून रक्त ठिबकले आणि वेदीवरचे वस्त्र डागाळले. पोप उर्बान चौथा याने 11 ऑगस्ट 1264 रोजी ओर्विएतोहून ख्रिस्तशरीराचा सण सर्व चर्चसाठी जाहीर केला. त्याच्या फर्मानात बोल्सेनाचा उल्लेखही नाही, ही गोष्ट भाविक वर्णनांमध्ये सहसा गळते.

त्या वर्षांत धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस ओर्विएतोच्या डॉमिनिकन मठात शिकवत होता. सणाची उपासना त्यानेच रचली, असे परंपरा मानते. पुढे आपल्या मुख्य ग्रंथात त्याने नेमका हाच प्रश्न घेतला: भाकरीत मांस किंवा रक्त दिसले, तर ते ख्रिस्ताचे स्वतःचे रूप का? त्याचे उत्तर नकारार्थी आहे. ख्रिस्त तिथे खराच असतो, पण डोळ्यांना दिसू शकेल अशा रीतीने नसतो. दिसते ते पाहणाऱ्याच्या दृष्टीत घडलेला बदल असतो किंवा भाकरीच्या बाह्य गुणांत घडलेला. एखाद्या डबीत ख्रिस्त आपल्या देहरूपात कोंडला आहे असे मानणे त्याला अनुचित वाटते. चमत्कार त्याने नाकारला नाही, पण चमत्काराला पुरावा होऊ दिले नाही. या डोंगरावर या प्रश्नाला मिळालेले सर्वांत काटेकोर उत्तर हेच.

लोकभावनेने मात्र बोल्सेनाचे ते डागाळलेले वस्त्र निवडले. 1290 मध्ये पोप निकोलस चौथा याने ओर्विएतोच्या कॅथेड्रलची पायाभरणी केली. लोरेन्झो माइतानीने त्याचा दर्शनी भाग घडवला, आणि उगोलिनो दि व्हिएरीने 1338 मध्ये वस्त्रासाठी चांदी-मिन्याची पेटी पूर्ण केली. ते वस्त्र आजही कॅथेड्रलच्या उत्तरेकडील कक्षात आहे आणि दरवर्षी ख्रिस्तशरीराच्या सणाला गल्ल्यांमधून मिरवले जाते.